मागच्या सीटवरून

लेकरू सज्ञान झालं की आईच्या काळजीचा त्याच्यावर किती हक्क उरतो? माझी बावीस वर्षांची मुलगी मोटारसायकल शिकते आहे. स्कूटी नाही, गिअरची गाडी. मला भीती वाटते, आणि ती उगाच नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची होती.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. मूल अठराचं झालं की दुसऱ्याच दिवशी पालकाला कुणी विचारत नाही. काळजी मात्र वाढदिवस बघून थांबत नाही.

मी म्हणणार होते, तुझं भलं मला जास्त कळतं. पण मग मागच्या सीटचा विचार आला. लग्नापासून मी नवऱ्याच्या मागे बसते आहे, साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून. साडी चाकात जाऊ नये म्हणून गाडीला जाळी आणि मागच्याला धरायला कडी हवी, असा नियमच आहे. हेल्मेटही मागे बसणाऱ्याला सक्तीचं आहे. परभणीत मागे हेल्मेट घातलेली बाई मला तरी क्वचितच दिसते. एवढ्या वर्षांत ‘मागे बसू नको, पडशील’ असं मला कुणीही म्हटलं नाही. पडण्याचा धोका तोच, फक्त ब्रेक दुसऱ्याच्या हातात.

म्हणजे काळजी या एका शब्दात दोन गोष्टी मिसळल्यात. एक हाडं मोडण्याची भीती. दुसरी, ती आता न विचारता कुठंही जाऊ शकेल याची. ओळखायची खूण सोपी आहे. हेल्मेट, सराव, उजेडातला प्रवास यांनी जी कमी होते, ती पहिली. कशानंच कमी होत नाही, ती दुसरी, आणि तिला बोलायचा अधिकार नाही.

तरी ‘माझं आयुष्य, माझा निर्णय’ हेही मला पुरेसं वाटत नाही. पाय मोडला तर दवाखान्यात रात्री कोण जागणार? तिच्या निर्णयाचा थोडा खर्च आमच्याही अंगावर आहे. म्हणून परवानगी देणं-नाकारणं सोडलं, तरी अटी बोलायचा हक्क मी सोडलेला नाही. हेल्मेटचा पट्टा लावायचा. कारखाने चालू असताना गंगाखेड रस्त्यावर अंधारात जायचं नाही, कारण उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना मागे साधं रिफ्लेक्टरही नसतं. पट्ट्याचं तिनं लगेच मानलं. अंधाराचं अजून भांडण चालू आहे. दादाला ही अट का नाही, असं तिनं विचारलं. आता ती त्यालाही आहे.

तिनंही एक अट घातली. ती जिंतूरला निघाली की पोचेपर्यंत मी फोन करायचा नाही, कारण वाजला की हात खिशाकडं जातो. चाळीसेक किलोमीटर, तासभर. मी हो म्हटलंय.