ग्रंथाचें प्रामाण्य कोठून येतें?

कोणत्याही धर्माच्या मुळाशीं ग्रंथ असला म्हणजे त्या धर्माच्या अनुयायांस आज ना उद्यां एका प्रश्नाला तोंड द्यावें लागतें. हा ग्रंथ आम्हीं कां मानावा? तो सत्य सांगतो म्हणून मानावा, ज्यानें तो सांगितला त्याच्या थोरवीमुळें मानावा, कीं ज्या परंपरेनें तो आमच्या हातीं दिला तिच्यावरील विश्वासामुळें मानावा? आपल्याकडे या प्रश्नाचा खल फार प्राचीन काळापासून झालेला आहे. मीमांसकांनीं वेदाला कर्ताच नाहीं असें ठरविलें; कर्ता नाहीं म्हणून कर्त्याचे दोषही नाहींत, आणि म्हणूनच वेद प्रमाण. नैयायिकांस ही युक्ति पटली नाहीं. वाक्य म्हटलें कीं वक्ता आलाच, आणि वेदाचा वक्ता सर्वज्ञ ईश्वर असल्यामुळें वेद प्रमाण, असें ते म्हणाले. या दोन्ही उत्तरांशीं परिचित असलेल्या वाचकांपुढें आम्ही आज तिसरें एक उत्तर ठेवूं इच्छितों. तें रोमन कॅथलिक धर्मसंस्थेनें बायबलाविषयीं दिलेलें आहे. तें आम्हांस विचारार्ह वाटतें याचें कारण असें कीं, त्यांत ग्रंथाचें मनुष्यकर्तृत्व नाकारलेलें नाहीं, आणि त्या कबुलीपासून उत्पन्न होणाऱ्या अडचणीही अंगावर घेतलेल्या आहेत.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ‘बायबल’ हें नांव ज्या ग्रीक शब्दावरून आलें तो अनेकवचनी असून त्याचा अर्थ ‘पुस्तकें’ असा आहे. वस्तुतः बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. कॅथलिक गणनेप्रमाणें त्यांत ७३ पुस्तकें आहेत. ४६ जुन्या करारांत आणि २७ नव्या करारांत. त्यांत निर्बंध आहेत, वंशावळी आहेत, राजांच्या बखरी आहेत, प्रीतिगीतें आहेत, सुभाषितें आहेत आणि पत्रेंही आहेत. हिब्रू, अरमाईक व ग्रीक अशा तीन भाषांत, अनेक शतकांच्या अवधींत, अनेक हातांनीं तीं लिहिलीं गेलीं. यांपैकीं कोणतीं पुस्तकें पवित्र मानावयाचीं याची यादी त्यांतील कोणत्याही पुस्तकांत दिलेली नाहीं. नव्या करारांतील नेमकीं हींच सत्तावीस पुस्तकें नमूद करणारी, आज उपलब्ध असलेली पहिली यादी इ. स. ३६७ मधील आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस यानें ती आपल्या ईस्टरच्या पत्रांत दिली. पुढें ३९३ सालीं हिप्पो येथें व ३९७ सालीं कार्थेज येथें आफ्रिकेंतील बिशपांच्या सभांनीं याद्या मान्य केल्या. तरीही मतभेद राहिलाच. लॅटिन भाषांतर सिद्ध करणारा महापंडित जेरोम हा यहुदी लोकांच्या हिब्रू संग्रहांत नसलेल्या पुस्तकांस दुय्यम लेखीत असे. त्याचा समकालीन ऑगस्टीन तीं पूर्ण मानाचीं समजे. टोबीत, युदीथ, मक्काबी इत्यादि सात पुस्तकें तीं हींच. ल्यूथरनें १५३४ सालच्या आपल्या जर्मन बायबलांत तीं वेगळीं काढून दोन करारांच्या मध्यें ठेविलीं. आणि ८ एप्रिल १५४६ रोजीं ट्रेंटच्या धर्मसभेनें तीं इतरांच्या बरोबरीचीं आहेत असा बंधनकारक निर्णय दिला. प्रॉटेस्टंट बायबलांत ६६ पुस्तकें व कॅथलिक बायबलांत ७३, हा भेद आजतागायत चालत आला आहे.

येथें चिकित्सक वाचक सहजच आक्षेप घेईल. पुस्तकें जर धर्मसंस्थेनें निवडलीं, तर ग्रंथापेक्षां धर्मसंस्था श्रेष्ठ ठरली. बरें, धर्मसंस्थेला हा अधिकार कोणीं दिला असें विचारावें तर ती त्याच ग्रंथाकडे बोट दाखविते. ख्रिस्तानें पेत्राला आपल्या मंडळीचा पाया म्हटलें, ती कथा मत्तयाच्या शुभवर्तमानांतच आहे. ग्रंथ संस्थेवर उभा आणि संस्था ग्रंथावर उभी! आपले नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात, आणि हा दोष असलेलें अनुमान ते टाकून देतात. खुद्द ऑगस्टीनानें सुमारें ३९७ सालीं लिहिलेल्या एका वादग्रंथांत, कॅथलिक संस्थेच्या अधिकारानें प्रवृत्त केलें नसतें तर आपण शुभवर्तमानावर विश्वास ठेविला नसता, अशा आशयाचें विधान केलेलें आहे. त्यामुळें या आक्षेपास अधिकच धार येते.

या आक्षेपाला कॅथलिक विचारवंतांनीं दुहेरी उत्तर दिलेलें आहे. पहिलें असें कीं, मान्यता देणें आणि पावित्र्य देणें या दोन भिन्न क्रिया आहेत. १८७० सालच्या पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेनें हें स्पष्ट शब्दांत सांगितलें. हीं पुस्तकें माणसांनीं रचलीं व मग धर्मसंस्थेनें त्यांस संमति दिली म्हणून तीं पवित्र झालीं असें नाहीं. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनें लिहिलीं गेल्यामुळें देव त्यांचा कर्ता आहे, आणि म्हणून तीं पवित्र आहेत. रत्नपारखी रत्न ओळखतो, घडवीत नाहीं, हा दृष्टान्त येथें लागू पडतो. दुसरें उत्तर इतिहासाचें आहे. नव्या करारांतील एकही अक्षर लिहिलें जाण्यापूर्वीं ख्रिस्ती मंडळी अस्तित्वांत होती. पौलाचीं पत्रें हीं आधींच स्थापन झालेल्या मंडळ्यांस उद्देशून लिहिलेलीं आहेत. तेव्हां प्रथम शुभवर्तमानें केवळ ऐतिहासिक साक्ष म्हणून वाचावीं; त्या साक्षीवरून ख्रिस्त व त्यानें स्थापिलेली मंडळी यांच्यापर्यंत पोंचावें; आणि मग त्या मंडळीच्या शब्दावरून त्याच पुस्तकांचें ईश्वरप्रेरितत्व स्वीकारावें. म्हणजे हें चक्र नव्हे, या पायऱ्या आहेत.

हें उत्तर आम्हांस पुष्कळ अंशीं समाधानकारक वाटतें, सर्वस्वीं नव्हे. तर्काचें चक्र त्यानें तुटतें हें खरें. परंतु ऐतिहासिक साक्ष फार तर संभव दाखविते, आणि श्रद्धेला निश्चय हवा असतो. संभव आणि निश्चय यांमधील अंतर कोणत्याही युक्तिवादानें भरून निघत नाहीं. कॅथलिक शास्त्रकारही तें युक्तिवादानें भरून काढल्याचा दावा करीत नाहींत. श्रद्धा ही ईश्वराची देणगी आहे असेंच ते म्हणतात. दुसरीकडे, ग्रंथ स्वतःच स्वतःची साक्ष देतो व वाचकाच्या अंतःकरणांतील पवित्र आत्मा तिला दुजोरा देतो, हें कॅल्व्हिनचें मत घेतलें तरी अडचण टळत नाहीं. दोन प्रामाणिक वाचकांची अंतःसाक्ष भिन्न पडली म्हणजे निवाडा कोणीं करावा? याकोबाच्या पत्राविषयीं ल्यूथरचें मन साशंक होतें. त्याच्या अनुयायांनीं तें पत्र ठेविलें. तें अंतःसाक्षीनें ठेविलें कीं परंपरेच्या बळावर, हा प्रश्न उरतोच.

आतां प्रेरणेचें स्वरूप पाहूं. दुसऱ्या शतकांतील अथेनागोरस यानें, वादक जसा बांसरींत फुंकर घालतो तसा आत्मा संदेष्ट्यांच्या मुखांतून बोलला, असा दृष्टान्त दिला होता. दृष्टान्त मनोहर आहे. पण बांसरी विचार करीत नाहीं, आणि बायबलाचे लेखक तर पानोपानीं विचार करतांना दिसतात. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच सांगतो कीं, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून त्या क्रमवार लिहीत आहों. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा कर्ता, कुरेनेच्या यासोनानें पांच खंडांत लिहिलेल्या इतिहासाचा आपण संक्षेप करीत आहों असें कळवितो, त्यासाठीं झालेल्या जागरणांचा व घामाचा उल्लेख करतो, आणि शेवटीं, रचना सामान्य उतरली असेल तर यापेक्षां अधिक आपल्या हातून होण्यासारखें नव्हतें, असें म्हणून वाचकांची क्षमा मागतो. पौलाला तर करिंथकरांस लिहितांना आपण कोणाकोणाचा बाप्तिस्मा केला हें नीटसें आठवत नाहीं. तो दोन नांवें देतो, मग एका कुटुंबाची आठवण होते, आणि बाकीचें स्मरत नाहीं असें सरळ लिहून टाकतो. ज्याचा कर्ता देव, त्यांत हें विस्मरण कसें?

या प्रश्नाचें उत्तर हेंच कॅथलिक सिद्धान्ताचें मर्म होय. तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस यानें आत्म्यास मुख्य कर्ता व मनुष्यास साधनरूप कर्ता म्हटलें. साधन आपला स्वभाव सोडीत नाहीं. एकाच सुताराच्या हातीं रंधा एक काम करतो व किंकरें दुसरें. १८९३ सालच्या पत्रकांत तेरावे लिओ पोप यांनीं आणि १९४३ सालच्या पत्रकांत बारावे पायस पोप यांनीं हाच विचार पुढें नेला; पायस यांनीं तर प्राचीन लेखकांच्या लेखनप्रकारांचा अभ्यास करणें हें भाष्यकारांचें कर्तव्य ठरविलें. शेवटीं १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें २,३४४ विरुद्ध ६ मतांनीं जें शासन संमत केलें, त्यांत मानवी लेखक हे खरेखुरे कर्ते होत असें म्हटलें, आणि आपल्या तारणासाठीं जें सत्य ग्रंथांत यावें अशी देवाची इच्छा होती तें सत्य तीं पुस्तकें निर्दोषपणें शिकवितात अशी प्रामाण्याची मर्यादा आंखून दिली. हीच मर्यादा १६१५ सालीं गॅलिलिओनें आपल्या एका पत्रांत ऑगस्टीनाच्या आधारें सुचविली होती. ती तेव्हां ऐकली गेली असती तर १६३३ सालची त्याची शिक्षा टळली असती. १९९२ सालीं दुसरे जॉन पॉल पोप यांनीं त्या काळच्या धर्मपंडितांची चूक मान्य केली. मध्यें साडेतीनशेंहून अधिक वर्षें गेलीं.

परंतु सूर्य फिरतो कीं पृथ्वी, यापेक्षां कठीण असे प्रश्न नीतीचे आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत अमालेकी लोकांचीं बायकामुलेंसुद्धां मारण्याची आज्ञा देवाच्या नांवें येते. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूच्या वधाचा दोष आपल्यावर व आपल्या मुलांवर येवो असें जमाव ओरडतो. त्या एका वाक्याच्या आधारें ख्रिस्ती युरोपानें शतकानुशतकें यहुद्यांचा द्वेष केला. त्या द्वेषानें तापलेल्या भूमीवरच विसाव्या शतकांत सुमारें साठ लक्ष यहुद्यांची हत्या झाली. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे असें म्हणणाऱ्यास या वाक्याचें काय करावयाचें याचें उत्तर द्यावेंच लागतें. वर सांगितलेल्या शासनाच्या आधीं तीन आठवडे, २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं, त्याच धर्मसभेनें जाहीर केलें कीं येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट लादतां येत नाहीं, आजच्या यहुद्यांवर तर मुळींच नाहीं. आणि ते देवानें टाकलेले किंवा शापिलेले आहेत असें बायबलावरून निघतें म्हणून सांगूं नये.

या घटनेंत आम्हांस साऱ्या प्रश्नाची किल्ली दिसते. मत्तयाचें वाक्य कोणीं गाळलें नाहीं. तें जेथें होतें तेथेंच आहे. बदलला तो त्याचा अर्थ लावणारा. ग्रंथाला पश्चात्ताप करतां येत नाहीं. ग्रंथ वाचणाऱ्या जिवंत संस्थेला तो करतां येतो. हें कॅथलिक मताचें खरें बळ. पण याच युक्तीची दुसरी बाजू विसरतां कामा नये. जिला पश्चात्ताप करतां येतो तिला पापही करतां येतें. आणि अर्थ ठरविण्याचा अंतिम अधिकार आमचा, असें जी संस्था म्हणते, तिनें त्या अर्थामुळें झालेल्या अनर्थाचा वांटाही आपल्या शिरावर घेतला पाहिजे. १९६५ च्या शासनांत धर्माधिकारी हे वचनाच्या वर नसून वचनाचे सेवक आहेत असें म्हटलें आहे. तें खरें ठेवावयाचें तर सेवकाला हिशेब विचारण्याची मुभा सामान्य वाचकास असली पाहिजे, आणि त्यासाठीं ग्रंथ त्याच्या हातीं, त्याच्या भाषेंत असला पाहिजे.

आपल्या महाराष्ट्र-गोमंतकाशीं या गोष्टीचा संबंध आहे. १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें फादर टॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापून झालें. तें बायबलाचें भाषांतर नव्हे. श्रोत्यांच्या शंकांचें निरसन करीत ओंव्यांतून सांगितलेली बायबलांतील कथा आहे. म्हणजे येथील कॅथलिक समाजाला ग्रंथाआधीं निरूपण मिळालें. पुढें वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ मराठींत आणलें, तेव्हां निरूपणाबरोबर मूळ वचनही वाचकांपुढें उघडें झालें. दोहोंपैकीं एक पुरे असें आम्ही म्हणणार नाहीं. निरूपणावांचून ग्रंथ मुका राहतो, आणि ग्रंथावांचून निरूपणाला कोणी जाब विचारूं शकत नाहीं.

मीमांसकांनीं कर्ता काढून टाकून दोष टाळला. नैयायिकांनीं सर्वज्ञ कर्ता मानून दोष टाळला. कॅथलिक सिद्धान्तानें विसरणारा, घामानें भिजणारा, आपल्या काळाच्या मर्यादांत राहणारा मनुष्य कर्ता म्हणून ठेविला, आणि देवही त्याच वाक्याचा कर्ता आहे असें म्हटलें. यांत तर्काची सोय कमी आहे व जबाबदारी अधिक. जो ग्रंथ माणसाच्या हातून आला तो माणसांनींच विवेकानें वाचावा लागतो. आणि अशा वाचनांत जें दुसऱ्याच्या द्वेषास कारण होईल तें देवाच्या नांवावर घालण्यापूर्वीं वाचणाऱ्यानें आधीं स्वतःला तपासावें, एवढें तरी कोणत्याही ग्रंथास मानणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसास या इतिहासांतून घेतां येईल.