रंगाखालचा गंज

माझा मामेभाऊ इंग्लंडात राहतो. त्याच्याकडे २००१ सालची, दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स कार होती. घरात मूल आले, तेव्हा ती विकायचे त्याने ठरवले. गाडी धुताना मागच्या चाकावरच्या कमानीच्या कडेला रंगाला हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा दिसला. रात्री त्याचा फोन आला. "भाई, गॅरेजवाला म्हणतो, लांबी भरून रंग मारतो, विकेपर्यंत कुणाला कळणार नाही. तुम्ही मास्तर, तुम्हीच सांगा."

प्रश्न डाळीएवढा होता, पण मला लगेच उत्तर देता येईना.

तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. चाक ते खारट पाणी कमानीच्या आत उडवते. कमानीची कड आत दुमडलेली असते. तिथे चिखल साचून ओलाच राहतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला वर ढकलतो. म्हणजे फुगवटा ही दुखण्याची सुरुवात नव्हे. आत ते आधीच सुरू झालेले असते. १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ सारख्या उघड्या गाड्यांत आणखी एक वाट आहे. टपावरचे पाणी आसनांमागच्या नळ्यांतून खाली जाते. त्या पानापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत मुरते. ती पट्टी गाडीचा भार पेलते. म्हणूनच तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत ती कुजलेली निघाली तर गाडी नापास होते.

लांबी भरल्याने यातले काहीच थांबत नाही. उलट तिच्याखाली ओल कोंडते. दुरुस्ती म्हणजे चाक काढून चिखल खरवडणे, तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासणे, उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावणे, मग प्रायमर, रंग आणि आतल्या पोकळीत मेण. पत्र्याला भोक पडले असेल तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे. हे सारे मेहनतीचे, आणि ते केल्याचे वरून फारसे दिसतही नाही.

कुणी म्हणेल, जुनी गाडी गंजणारच. घेणाऱ्याने पाहून घ्यावी. इंग्लंडचा कायदाही खाजगी विक्रेत्याला प्रत्येक दोष आपणहून सांगायला भाग पाडत नाही; खोटे वर्णन मात्र करू देत नाही. पण गप्प राहणे आणि झाकणे यांत फरक आहे. गप्प राहणारा निदान घेणाऱ्याचे डोळे उघडे ठेवतो. झाकणारा ते बंद करतो. ताजी रंगवलेली कमान काहीतरी बोलत असते, आणि ते खोटे असते.

हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? सहा वर्षांपूर्वी मी माझी स्कूटर विकली. आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने तिचा पाय ठेवायचा पत्रा खाल्ला होता. मी त्यावर रंग मारला आणि नवे रबरी पायपोस टाकले. शेजारच्या गावातल्या एका शिपायाने ती घेतली. पुढच्याच पावसाळ्यात त्याचा पाय पत्र्यातून आरपार गेला आणि घोट्याला टाके पडले. तो मला भेटला तेव्हा हसून म्हणाला, "समुद्राचा वारा सर, दुसरं काय!" मी मान हलवली. दोष वाऱ्यावर गेला आणि मी जाऊ दिला.

तेव्हापासून एक गोष्ट मला छळते. पत्र्यावर पहिला ठिपका दिसला तेव्हा तो घासून काढायला एक दुपार पुरली असती. दोष लहान असतो तेव्हाच तो दुरुस्त करणे सोपे असते; दुर्दैवाने झाकणेही तेव्हाच सोपे असते. आपण कोण आहोत याचा निर्णय त्या सोप्या दिवशी होतो. आणि झाकण्याची किंमत मोजणारा माणूस त्या दिवशी आपल्यासमोर नसतो.

भावाला मी स्कूटरची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या रविवारी त्याने चाक काढले. पत्रा शाबूत होता. घासताना, आम्ल लावताना त्याने फोटो काढले आणि गाडी घेणाऱ्याला तेच दाखवले. त्या माणसाने किंमत पाडली. भावाला वाईट वाटले. मोठ्या गाडीसाठी त्याला पैसे हवेच होते.

त्याचे काम एका रविवारात झाले. मला अजून शेजारच्या गावी जायचे आहे.