चर्चच्या पडवीत पैशांचा हिशेब



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पडवीत बसू द्या, अशी विनंती गावातल्या महिला बचत गटाने केली आहे. त्यावर आपल्यातील एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "फादर, प्रभू येशूने मंदिरातून पैशाचा व्यवहार करणाऱ्यांना हाकलून दिले. आपण त्यांना बोलावून बसवायचे का?"

प्रश्न रास्त आहे. मंदिरात बाहेरची नाणी चालत नसत, ती बदलून घ्यावी लागत. पारवे हे गरिबांचे अर्पण. मरिया आणि योसेफ यांच्याही वाट्याला तेच आले होते (लूक २). त्या गरजेवर तिथे कमाई चालली होती. येशू लुटारूंचा उल्लेख करतो (मार्क ११), तो उगाच नव्हे.

आता वसईकडे पाहू. पापडी गावातले कृपामातेचे चर्च सोळाव्या शतकातले. त्याच पापडीत १९१८ साली फादर पी. जे. मोनिस यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी पतपेढी काढली. आजची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. पैसा तिथेही होता, व्याजही होते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा व्याजाविरुद्धचा युक्तिवाद मी परीक्षेपुरता पाठ केला होता. (गुण बरे मिळाले.) धानाच्या रोवणीआधी कर्ज काढणाऱ्या घरांत बसलो, तेव्हा तो थोडा कळला. सावकाराचा धंदा आपली अडचण टिकली तरच चालतो. बचत गटात पैसे बायांचेच, आणि व्याजही त्यांच्याकडेच परत येते. म्हणून पडवी द्यावी, असे माझे मत आहे.

तरीही त्या वडीलधाऱ्यांची भीती मला सोडत नाही. जिचा हप्ता थकेल, ती पडवीत यायला लाजेल. पडवी ओलांडल्याशिवाय चर्चमध्ये येता येत नाही. मग ती मिस्सालाही येणार नाही. पन्नास रुपयांसाठी एखादी बहीण वेदीपासून दुरावली, तर पडवी दिल्याचा दोष माझा.

म्हणून गटाच्या अध्यक्षाबाईंना सांगितले आहे : चटई पडवीतच अंथरा, पण थकलेल्यांची नावे तिथे वाचायची नाहीत. ते बोलणे तिच्या घरी जाऊन, हळू आवाजात करा. पेटी गटाकडेच ठेवा, चर्चच्या कपाटात नको.

गटात ख्रिस्ती नसलेल्या बायाही आहेत. पडवीत चपला काढायच्या का, असे त्यांनी विचारले. काढा म्हटले, आम्हीही काढतो.

तुमचे फादर