आधी किंमत ठरली

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, तरी इथली माणसं हडपसर ओलांडलं की अजून 'पुण्याला चाललो' असंच म्हणतात. अशा या अर्ध्या गावातल्या, अर्ध्या शहरातल्या एका दवाखान्यावर राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची तपासणी येणार होती.

ही तपासणी म्हणजे साधं काम नव्हे. सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, जंतुसंसर्गावरचं नियंत्रण असे तिचे आठ भाग. प्रत्येक भागाखाली मुद्द्यांची रांग आणि प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. ७० टक्क्यांच्या खाली राहिलं की प्रमाणपत्र विसरा. डॉक्टर मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या आणि या कागदांपायी त्यांची झोप उडाली होती. त्यांनी दवाखान्याच्या समितीची बैठक लावली.

बैठकीत जो तो आपलं घोडं दामटू लागला. मॅडम म्हणाल्या, माणसं कमी आहेत. सिस्टर म्हणाल्या, रजिस्टरं जास्त आहेत. फार्मासिस्ट म्हणाले, माझा साठा चोख आहे, बाकीचं तुम्ही बघा. ग्रामपंचायतीच्या काळातले एक माजी सदस्य होते. पंचायत गेली तरी त्यांचं सदस्यपण गेलं नव्हतं. त्यांनी दर्शनी भिंतीला फरशी आणि फाटकावर मोठा फलक सुचवला. आशाताई दाराजवळच्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्या बोलल्या नाहीत.

समितीत ज्येष्ठ नागरिक म्हणून आप्पांना घेतलं होतं. आप्पांची सगळी नोकरी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, गुणवत्ता तपासणी विभागात गेलेली. त्यांनी चष्मा लावून तपासणीची यादी पुढे ओढली.

"मॅडम, हे मुद्द्यासमोर दोन-दोन अक्षरं लिहिलीत, ती कशाची?"

"तपासायचं कसं, ते. काही डोळ्यांनी बघायचं, काही कर्मचाऱ्यांना विचारायचं, काही नोंदींतून काढायचं. आणि काही रुग्णांना विचारायचं."

"मग रुग्णांना विचारलं?"

सदस्य हसले. "त्याची काळजी नको आप्पा. चार बोलकी माणसं बघून ठेवलीत. काय बोलायचं ते सांगून ठेवू."

आप्पांनी यादी खाली ठेवली. "एक गोष्ट सांगतो. चहा येईपर्यंत ऐका."

चहा यायला उशीर झाला, हे बरंच झालं.

"आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे," आप्पा म्हणाले. "सव्वीस देश. तिथं कोरडा वारा सुटला की मेंदूज्वराची साथ यायची. मेंदूच्या आवरणाला सूज. धडधाकट पोर सकाळी तापानं फणफणायचं आणि दोन दिवसांत जायचं. वाचलं तरी कित्येकांचे कान जायचे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, पंचवीस हजार मेले."

"लस नव्हती?" मॅडमनी विचारलं.

"होती की. पण जुन्या धाटणीची. तान्ह्या पोरांना लागू पडत नव्हती, मोठ्यांना दोन-तीन वर्षं पुरायची. साथ आली की धावत जाऊन टोचायची, तोवर निम्मं गाव आडवं. चांगली लस करायची विद्या जगाला ठाऊक होती. जंतूच्या साखरेच्या आवरणाला एखादं प्रथिन जोडायचं, म्हणजे शरीर त्याला नीट ओळखतं. पण ज्यांना ती हवी होती, त्यांच्या खिशात पैसा नव्हता.

"२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतली पाथ ही संस्था एकत्र आली, गेट्स फाउंडेशननं पैसा दिला. प्रमुख होते डॉक्टर मार्क लाफोर्स. आता या माणसानं आधी काय करावं? प्रयोगशाळा बांधावी? कंपनी गाठावी? तो आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारत सुटला, की बाबांनो, तुम्हाला कशी लस हवी? त्यांनी सांगितलं, डोसाला पन्नास सेंटच्या आत बसणारी. तेव्हाचे तेवीस-चोवीस रुपये. परवडणार नसेल तर ती दाखवूच नका. असून मिळत नाही, हे नसण्यापेक्षा वाईट."

"म्हणजे लस व्हायच्या आधीच भाव ठरला?" फार्मासिस्ट पहिल्यांदाच पुढे सरकले.

"आधी किंमत ठरली, मग लस झाली. सगळी गंमत तिथंच आहे. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांशी बोलणी झाली, पण जमेना. त्यांना वाईट म्हणू नका, त्यांचा हिशेब उलटीकडून चालायचा. आधी खर्च मोजायचा, मग भाव लावायचा. शेवटी काम इथं आलं, आपल्या वेशीवर. सीरम १९६६ साली सुरू झाली ती पूनावालांच्या तबेल्यातल्या घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं औषध काढायला. त्यामुळं धनुर्वाताचं प्रथिन घरचंच होतं. जंतूचं आवरण काढायची रीत ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून आली. दोन्ही जोडायची रीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी शोधली आणि इथल्या माणसांना शिकवली. चाचण्या भारतात झाल्या, मग माली, गांबिया अशा देशांत. २००९ च्या डिसेंबरात भारताच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, पुढच्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिक्का मारला आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये देशभर टोचायला सुरुवात झाली. पन्नास सेंटच्या आत."

इतक्या तारखा आप्पांना तोंडपाठ कशा, असं वाचकाला वाटेल. ज्यांनी आयुष्यभर कुप्यांवरचे बॅच क्रमांक वाचले, त्यांचं हे असंच असतं.

सिस्टरांनी विचारलं, "आणि तिथल्या उन्हात ती टिकली कशी? आम्हाला इथं मांजरीत एक लाइट गेली की घाम फुटतो."

आप्पांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी सिस्टरांना लसीची एक रिकामी कुपी आणायला लावली. तिच्यावर एक लहानसं वर्तुळ, वर्तुळात चौकोन. उष्णता लागेल तसा तो चौकोन गडद होत जातो. वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते, सारखा झाला की कुपी फेकायची. "हे तुम्ही रोज बघता. तिकडं गावोगावी बर्फ वाहून नेता नेता माणसं मेटाकुटीला यायची. तेव्हा प्रश्न निघाला, एवढा बर्फ लागतोच का? मग आकडे काढले, तपासले आणि २०१२ साली परवानगी मिळाली, की ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस चालेल. अशी परवानगी मिळालेली ती पहिली लस. बर्फाचं ओझं कुणाला कळलं? वाहणाऱ्याला."

"पुढं साथ थांबली?" आशाताईंनी विचारलं. बैठकीतलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"ज्या जंतूसाठी लस केली, त्याचा २०१७ नंतर त्या पट्ट्यात खात्रीचा रुग्ण सापडलेला नाही. पण त्याची भावकी होती, तिनं डोकं वर काढलं. मग पाच जातींवर मिळून एक लस इथंच केली, २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा दिली. काम संपत नाही ताई."

चहा आला. सदस्य म्हणाले, "आप्पा, आफ्रिकेचं ठीक आहे. आपल्या फरशीचं काय?"

फरशीचं काही ठरलं नाही. मॅडमनी मात्र यादीतला एक मुद्दा काढून समोर धरला. बीपीचे रुग्ण नियमित येतात का? रजिस्टरात दोन महिने खुणा, मग रिकामी घरं, असं पानामागून पान. मॅडमचं मत असं, की बायका बेफिकीर आहेत, बरं वाटलं की गोळ्या सोडतात. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता, 'बीपी : छुपा शत्रू'.

आशाताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही माझ्याबरोबर चला एकदा. पण दुपारी. सकाळी कुणी भेटायचं नाही."

मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ बायका मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मॅडमना बसायला पोतं दिलं. बराच वेळ कुणी बोलेना. डॉक्टरीणबाई शेडमध्ये आल्या म्हणजे काहीतरी चुकलं असणार, असा चेहरा सगळ्यांचा. मग एक मावशी बोलली, तीही जुडीवरची नजर न उचलता.

"गोळ्या पंध्राच दिवसांच्या मिळत्यात. पंध्रा दिवसांनी परत केसपेपर, परत रांग. बारा वाजत्यात. अर्ध्या दिवसाचा खाडा. फुकटची गोळी आमाला दोनशेला पडती, बाई."

मॅडमनी हिशेब केला. महिन्याला दोन खेपा, चारशे रुपये. बाजारात त्याच गोळ्या याहून स्वस्त मिळाल्या असत्या.

पुढची बैठक रात्री आठला ठेवली, कारण मावशी आणि आणखी दोघी तेव्हाच मोकळ्या होत्या. फार्मासिस्ट आल्या आल्या म्हणाले, महिन्याच्या गोळ्या देता येणार नाहीत. त्यांचंही खोटं नव्हतं. सगळ्यांना महिन्याचं वाटलं तर वीस तारखेला कपाट रिकामं, आणि तपासणीच्या दिवशी 'साठा शून्य' दिसला तर तिथले गुण गेलेच. म्हणजे कागदावर दवाखाना चांगला दिसायचा तर बाईचा खाडा पडायचा, असा तो पेच होता. गुण मोजणाऱ्यांच्या मनात असं काही नसतं. पण प्रत्येकजण आपापल्या रकान्यातले दोन गुण राखत बसला की असंच होतं.

पेच एकदम सुटला नाही. मॅडमनी ठरवलं, ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांना महिन्याच्या गोळ्या लिहून द्यायच्या. तशी सही त्यांची, जबाबदारीही त्यांची. फार्मासिस्टांनी वाढीव मागणीचा कागद केला आणि वाढीव गोळ्या येईपर्यंत साठा कमी दिसला तर दिसू दे, असं कुरकुरत का होईना मान्य केलं. सिस्टर म्हणाल्या, महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये येऊन बीपी मोजते. पण वरच्या एका रजिस्टरातून मला सोडवा. एकच माहिती दोन ठिकाणी लिहायला लागत होती, ती एका ठिकाणी आली.

"आणि खाडा?" आप्पांनी विचारलं. "ज्यांना नवीन गोळी सुरू झाली, त्यांना तर यावंच लागणार. खाडा धरतं कोण?"

तिघी बायका गप्प. आशाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. शेड सदस्यांच्याच मळ्यातली होती.

सदस्यांनी घसा खाकरला, पाणी प्यायले, महागाईवर थोडं बोलले. मग म्हणाले, "दवाखान्याचा कागद दाखवला तर अर्धा दिवस धरणार नाही. पण माझ्या एकट्याच्या मळ्यात नको. बाकीच्यांना पण सांगा."

"तुम्हीच सांगा," मावशी म्हणाली. "तुमचं ऐकत्यात."

दोन महिन्यांनी रजिस्टरातली बरीच घरं भरली. सगळी नाही. दोघीजणी गावी निघून गेल्या होत्या आणि एकीला गोळीनं चक्कर येत होती, हे ती पहिल्यांदाच बोलली. तिची गोळी बदलली.

त्यानंतरच्या बैठकीत सदस्यांनी पुन्हा फरशीचा विषय घेतला. मावशी म्हणाली, फरशी कराच, पण बायकांच्या संडासाला कायम कुलूप असतं, त्याची किल्ली कुणाकडं असती? मॅडमनी सिस्टरांकडे पाहिलं, सिस्टरांनी फार्मासिस्टांकडे. फार्मासिस्ट म्हणाले, शिपायाकडे असेल. शिपाई म्हणाला, हा विषय आज पत्रिकेत नाही. सिस्टरांनी पेन काढलं आणि तो पहिल्या क्रमांकावर लिहिला.