रांगेत न दिसणारा रोगी

इस्पितळात तपासणीसाठी रोगी रांग लावून बसलेले असताना एक एमआरआय यंत्र केवळ संशोधनाला राखून ठेवणे न्यायाचे आहे काय? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात असे यंत्र ठेवले गेले. तेथील डॉ. मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली २००४ साली अल्झायमरच्या संशोधनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला.

आम्हां परिचारिकांचे मन प्रथम रांगेकडेच धावते. परंतु सामायिक यंत्रावर तातडीचा रोगी आला की संशोधन मागे सरते, आणि ते योग्यच. मग त्याच माणसांचा मेंदू वर्षानुवर्षे ठरल्या वेळी तपासायचा कसा? उद्याचा रोगीही रांगेतच आहे. तो दिसत नाही इतकेच.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. सैनिकाला हुकूम पाळण्याची सवय असते; म्हणून त्याचा होकार मनापासूनचा आहे ना, हे दोनदा विचारावे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत स्वेच्छेची संमती पहिली का आली, हे आपल्या लोकांना सांगायला नको. दुसरे, ज्याच्या अंगात लोखंडाचे तुकडे रुतले आहेत त्याला हे चुंबक धोक्याचे. म्हणजे ज्याने अधिक सोसले तोच बाहेर राहायचा. त्याच्यासाठी दुसरी वाट शोधली, तरच ऋण फिटले म्हणावे.