दाराची परीक्षा

ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा त्याची परीक्षा पाहावी कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. न पाहावी तर विश्वास आंधळा ठरतो. पाहावी तर त्याच क्षणीं त्याला तडा जातो. ज्यांच्या इमारतीच्या दाराशीं पहारेकरी बसतो अशा प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. आम्हांला तो जरा उशिरा पडला.

डोंबिवलींतील ज्या गृहनिर्माण संस्थेंत आम्ही राहतों, तेथें अलीकडे फाटकावर कॅमेरे बसले आणि जिन्याच्या दाराला कार्डानें उघडणारें कुलूप आलें. हा खर्च सार्थकीं लागला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कार्यकारी मंडळानें एक युक्ति योजिली. एका सभासदाचा अपरिचित भाचा दोन्ही हातांत मिठाईचे पुडे घेऊन दाराशीं आला आणि "काका, कार्ड काढायला हात मोकळा नाही," एवढेंच म्हणाला. म्हाताऱ्या पहारेकऱ्यानें उठून स्वतःच्या कार्डानें दार उघडलें. दुसऱ्या दिवशीं त्याला कामावरून काढण्याचा ठराव झाला. ठरावाच्या बाजूनें आम्हींही हात वर केला.

हिशेब घेऊन जातांना तो म्हणाला, "साहेब, अडवलं तरी बोलणी, सोडलं तरी बोलणी." त्या शब्दांचा रोख आम्हांस कळला. महिन्यापूर्वीं त्यानें आमच्या जांवयांना थांबवून नांव विचारलें, म्हणून आम्हींच त्याला चारचौघांत सुनावलें होतें.

परीक्षा पाहणें मुळांतच अनीतीचें आहे काय? तसें म्हणतां येत नाहीं. रायगडाची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. गड बांधून झाल्यावर शिवाजीमहाराजांनीं, ठरलेली वाट सोडून जो वर येईल त्यास बक्षीस मिळेल, असें जाहीर केलें. एक महार दोराशिवाय कडा चढून गेला. महाराजांनीं त्याचा गौरव केला आणि ती वाट बंद करविली. परीक्षा कड्याची होती, ती उघडपणें सांगितलेली होती, आणि तिचें फळ म्हणजे दुरुस्ती हें होतें. त्या कड्याखालच्या चौकीदाराला शिक्षा झाल्याचें त्या कथेंत कोठेंही नाहीं.

याच्या उलट उदाहरण आमच्या जवळचेंच आहे. आज जेथें ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे, त्या किल्ल्यांत गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळ्यांना इंग्रजांनीं कैदेंत ठेविलें होतें. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या शंकेनें पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई नेमले. एक मराठा मोतद्दार मात्र घोडा फिरवीत खिडकीखालून गाणीं म्हणत जाई, आणि त्या गाण्यांतच पळण्याचा बेत सांगितलेला असे. शिपायांना मराठी येत नव्हतें. सप्टेंबर 1816 मध्यें त्रिंबकजी भिंतीला भोंक पाडून निसटले. भोंक भिंतीला नंतर पडलें. पहाऱ्याला तें नेमणुकीच्या दिवशींच अविश्वासानें पाडलें होतें. शिपाई बेइमान नव्हते, व्यवस्था बहिरी होती.

आमच्या फाटकावरही तेंच झालें. ओझें घेऊन आलेल्यासाठीं दार उघडावें, पाहुण्याला उभें ठेवूं नये, हें आम्हीच मुलांना शिकवितों. पहारेकऱ्याच्या त्याच सौजन्याला गळ लावून आम्हीं त्याला पकडलें. कोणी म्हणेल, आधीं सांगून घेतलेली परीक्षा कसली? परंतु परीक्षा केव्हां होईल हें गुप्त ठेवावें, ती होणार आहे हें गुप्त ठेवूं नये. आणि जो परीक्षा घेतो त्यानें आपल्या हुकुमांची परीक्षा प्रथम घ्यावी. ज्याला अडविण्याचा अधिकार आम्हीं दिलाच नव्हता, त्यानें अडविलें नाहीं हा दोष कोणाचा?

पुढील सभेंत आम्हीं दोन सूचना मांडल्या. दाराशीं थांबविल्यास कोणत्याही सभासदानें, त्याच्या जांवयानेंही, रागावूं नये, ही पहिली. ती हंसत हंसत मंजूर झाली. जुन्या पहारेकऱ्यास परत बोलवावें, ही दुसरी. तिच्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आमचा हात मात्र या वेळीं एकटाच वर होता, आणि तो खालीं घेण्याची आम्हांस घाई नव्हती.