करुणेचे एकक

दुखावलेल्या मनाला सावरायला किती काळ लागतो, हे कोणत्याही वैद्याने आजवर खात्रीने सांगितलेले नाही. आणि तरीही त्या सावरण्याचा खर्च ज्याला द्यायचा असतो, त्याला काळाचे काहीतरी माप ठरवावेच लागते. अमेरिकेत १९६५ साली सुरू झालेली मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटासाठीची सरकारी विमायोजना आज तेथील मानसोपचारांच्या खर्चाचा सर्वांत मोठा भार उचलते. वस्तीतल्या मानसिक आरोग्य केंद्राचा कार्यकर्ता रुग्णाच्या घरी जातो, गोळ्यांची डबी उघडून पाहतो, घरभाडे थकले असेल तर घरमालकाशी बोलण्याचे बळ त्याला देतो. आणि बिलात हा सारा सहवास ‘एच००३६’ अशा एखाद्या संकेतांकात मावतो : समोरासमोर दिलेली सेवा, दर १५ मिनिटांना एक एकक. आपली घटिका २४ मिनिटांची, सूर्याच्या अहोरात्र भ्रमणातून उतरलेली. हे एकक हिशेबाच्या सोयीतून उपजलेले. रुग्णाने दारच उघडले नाही, तर त्या खेपेचे मोल शून्य. पण भयाने मिटलेल्या मनाशी विश्वासाचे नाते जुळते, ते अशा निष्फळ वाटणाऱ्या खेपांमधूनच.

या हिशेबामागे एक मोठे स्वप्न होते. १९५५च्या सुमारास साडेपाच लाखांहून अधिक माणसे तेथील राज्यांच्या मनोरुग्णालयांत, भिंतींआड आयुष्य कंठत होती. रोझमेरी या आपल्या बहिणीला १९४१मधल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेने कायमचे परावलंबी केलेले पाहिलेल्या जॉन केनेडींनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली; पुढच्या महिन्यात त्यांची हत्या झाली. नंतर आलेल्या मेडिकेडने मोठ्या मनोरुग्णालयांतील प्रौढांचा खर्च नाकारला, आणि ती रुग्णालये रिकामी करण्याला राज्यांना आणखी एक कारण मिळाले. योजलेल्या सुमारे १,५०० केंद्रांपैकी मात्र निम्मीच उभी राहिली, आणि कित्येकांच्या वाट्याला रस्ता किंवा तुरुंग आला. भिंत पाडायला एक निर्णय पुरतो; आधार उभा करायला पिढ्यांचे सातत्य लागते, आणि मनुष्यस्वभावाला पहिले सुकर वाटते, दुसरे कंटाळवाणे.

म्हणूनच २०१४च्या कायद्याने आखलेला आणि २०१७पासून आठ राज्यांत आरंभलेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. प्रमाणित केंद्रांचा वर्षभराचा अपेक्षित खर्च आधी जोखायचा आणि त्यावरून दर दिवसाचा किंवा महिन्याचा दर ठरवायचा, अशी ती रीत. तिच्या बदल्यात केंद्राने अहोरात्र संकटसेवा द्यायची आणि पैसे नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवायचे नाही. मध्यरात्रीच्या फोनसाठी कोणी जागे असणे, हेही या रीतीत सेवेच्या खर्चात धरले जाते. कोणतेही माप अखेर अपुरेच. पण जे माप माणसाच्या तत्परतेची दखल घेते, ते करुणेच्या अधिक जवळचे.

सार्वजनिक पैशाचा हिशेब काटेकोर हवाच, वाचकहो, कारण तो सर्वांचा ठेवा आहे. परंतु मनाच्या आजारात कोणीतरी सदैव उपलब्ध असणे हाच उपचाराचा पाया आहे, आणि त्याची किंमत सरकारी विम्याने मोजलीच पाहिजे.